व्यसन 'करतो' की व्यसन 'लागतं'?

भाषांतरवाली: मुंबईत रस्त्यावर ब्राउन शुगर घेणाऱ्या मुलांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एक प्रश्नावली मराठीत आणतेय. 'तो व्यसन का करतो?' असं लिहिलं, तर एक ताई म्हणाल्या, 'करत नाही हो, लागलंय.' दोन्ही प्रयोग मराठीत सर्रास दिसतात. अर्थामध्ये फरक किती?

शब्दवेडा: बराच. 'करतो'मध्ये कर्ता आहे, म्हणजे दोषही त्याचाच. लागते ती भूक, नजर, आग. तिथे माणूस कर्ता नसतो. 'जडलं' तर थेट आजाराच्या पंगतीत बसतं. संस्कृतात व्यसन म्हणजे संकटही. 'उत्सवे व्यसने चैव' या सुभाषितात व्यसनात पाठीशी उभा राहतो तो बांधव, तिथे दारूचा काही संबंध नाही. मराठीने तो अर्थ टाकून दिला आणि खोड तेवढी ठेवली.

वस्तीवरची: आमची पोरं 'व्यसन' म्हणतच नाहीत, 'टर्की' म्हणतात. तलफ वेगळी बरं का. तलफ चहा-तंबाखूचीही येते, मन मागतं. टर्की अंगात येते: जांभया, नाक गळणं, जुलाब, हाडं ठणकणं. शेवटची पुडी ओढली की आठ-बारा तासांत सुरू. पहिल्यांदा का घेतलीस विचारलं तर कुणी सांगतो हमालीने पाठ धरायची, कुणी सांगतो फुटपाथवर झोप येत नव्हती, कुणी म्हणतो दोस्ताने दिली, मी ओढली. आज का घेतोस विचारा. बहुतेकांचं उत्तर एकच, टर्की. म्हणून 'कारण' असा एकच रकाना ठेवलात तर पहिल्या दिवसाचं की आजचं, ते कळणारच नाही.

आणि कृपा करून 'गर्दुल्ला' नको. वर्तमानपत्रांचा लाडका शब्द आहे, पण त्यात पावडरच उरते, पोरगा दिसत नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (१९८६ साली सुरू झालं) 'रुग्णमित्र' म्हणतात. चांगला आहे, पण रस्त्यावर जरा इस्त्री केल्यासारखा वाटतो. आम्ही आपली नावाने हाक मारतो.

शब्दवेडा: फारसीत गर्द म्हणजे धूळ, त्यावरून पावडर. 'गर्द झाडी'तला गर्द अर्थाने निराळा. जाता जाता: 'अंमली पदार्थ'मधला अंमल तोच, जो पेशव्यांचा अंमल. सत्ता कुणाची, ते शब्दच सांगतो.

गिरणगावकर: आमच्याकडे जुन्या बायका 'बाळगोळी'बद्दल सांगायच्या. अफूची असायची. तान्ह्याला देऊन आई पाळीवर जायची. त्याला 'व्यसन' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. 'बाळ निजवलं' म्हणत.

भाषांतरवाली: रकाने दोन केले. 'पहिल्यांदा कशी घेतली?' आणि 'आता का घ्यावी लागते?' ताईंना दाखवलं. म्हणाल्या, दुसऱ्याला जागा जास्त सोडा.