मदत हवी आहे: शेवटी नोकर मालकाभोवती का फिरतो?

विहीरकाठ
सोमवारी पहिलं वाचन आणि शेवटच्या तीन पानांवर गाडी अडलीय. नाटक इजिप्तचं, लेखक डॉक्टर. शेवटी नोकर मालकाभोवती गोल फिरत राहतो. का? आणि स्टेजवर कसं दाखवायचं? लवकर सांगा, प्लीज.

चहाटळ
नाटकाचं नाव? लेखकाचं? आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत?

पिंपळपान
इजिप्त म्हणजे नगीब महफूझ. १९८८चं नोबेल. आधी त्यांच्या कादंबऱ्या वाच.

निळीशाई
महफूझ डॉक्टर कधी झाले? हे यूसुफ इद्रीस (१९२७–१९९१). नाटक 'अल-फराफीर', १९६४. बरोबर?

विहीरकाठ
हो हो, तेच. लिहायचं राहिलं.

निळीशाई
मग सोपं आहे. मालक आणि त्याचा नोकर फर्फूर कबर खोदण्याचा धंदा पत्करतात, पण हुकूम कोणी सोडायचा हा वाद मिटत नाही. दोघंही मालक, दोघंही नोकर, सगळं करून बघतात. शेवटी मेल्यावर तरी सुटू म्हणून जीव देतात. तर तिथे अणूचा नियम! हलका फर्फूर जड मालकाभोवती फिरायला लागतो, आणि प्रेक्षकांनाच हाका मारतो, काहीतरी उपाय काढा म्हणून.

गावकुस
फर्फूर म्हणजे आपला सोंगाड्याच की. त्याच वर्षी इद्रीसने लेखांतून मांडलं होतं, की युरोपची नक्कल पुरे, गावात लोक गोल बसून नकला करतात त्या 'सामिर'मधून नाटक उभं करा. थेट वगाच्या बाजात करा. भाषा वऱ्हाडी!

निळीशाई
सोंगाड्या ठीक, पण वऱ्हाडी कशाला? तो कैरोची बोली लिहीत होता. इथे पुणेरी चालेल.

गावकुस
पुणेरीत नोकर मालकाला उलट बोलला तर ते भांडण वाटत नाही, पाटी वाटते.

चहाटळ
नाटक सोडा, त्याची 'अरखस लयाली' करा. १९५४च्या पहिल्या संग्रहातली गोष्ट. कडक चहाने झोप उडालेला अब्दुल करीम, खिशात दमडी नाही, गल्लीतल्या पोरांवर डाफरतो आणि मग अंधारात स्वतःच्याच पोरांना ओलांडत बायकोपाशी जातो. काही महिन्यांनी लोक अभिनंदनाला हजर. स्वस्तातली रात्र!

विहीरकाठ
अहो, नाटक ठरलंय!! फिरवायचं कसं ते सांगा.

पिंपळपान
कैरोला जायचं तर डिसेंबरात जा. उन्हाळ्यात भाजून निघतो माणूस.

निळीशाई
मालकाला स्टुलावर बसवा, फर्फूरला खरंच पळवा. धाप लागेपर्यंत. संगीत नको, पावलांचा आवाज पुरे. आणि हक्क वारसांकडे असणार, आधी परवानगी घ्या.

विहीरकाठ
फर्फूर करणारे काका ६१ वर्षांचे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

चहाटळ
हे आत्ता सांगतोस? मालक कोण करतोय?

विहीरकाठ
२६ वर्षांचा मुलगा. रोज जिमला जातो.

गावकुस
मग भूमिका बदला की राव!

विहीरकाठ
हॉलचं भाडं त्याने भरलंय.