गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती रंगीत पायऱ्या कशा तयार होतात?

कोथरूडहून एक पालक
नमस्कार. मागच्या महिन्यात आम्ही दापोलीला गेलो असताना उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडे पाहून आलो. पाणी वाहून जाते त्या पन्हळीच्या कडेला बुळबुळीत, हिरवट-तपकिरी थर साचला होता. पुण्याला परतल्यावर माझ्या सातवीतल्या मुलीने तुर्कस्तानातील पामुक्कले आणि अमेरिकेतील यलोस्टोनची छायाचित्रे पाहिली आणि विचारले, "तिथे पांढऱ्या, केशरी पायऱ्या आहेत, मग आपल्याकडे का नाहीत?" मला उत्तर देता आले नाही. पाण्यातून असे दगड कसे घडतात आणि त्यांना रंग कशामुळे येतो, हे कोणी समजावून सांगेल का?

निवृत्त भूगोल शिक्षिका, सहकारनगर
बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर सुरुवात घरच्या गिझरपासूनच करा. त्याची कॉइल बाहेर काढली की तिच्यावर कडक पांढरा थर दिसतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्या क्षाराचा असतो. मातीतून झिरपताना पावसाचे पाणी कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेत चुनखडक लागला तर तो विरघळवते. जमिनीखालच्या दाबामुळे वायू पाण्यातच राहतो, मात्र पाणी उघड्यावर आले की सोड्याची बाटली उघडावी तसा तो निसटतो आणि विरघळलेला चुना पाण्यात टिकत नाही. त्यापासून बनणाऱ्या खडकाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. पामुक्कलेच्या पायऱ्या त्याच्याच आहेत आणि यलोस्टोनमधील मॅमथ हॉट स्प्रिंग्जच्याही.

आता पायरीच का, हे मला सर्वांत सुंदर वाटते. उथळ डबक्यात पाणी संथ असते, पण काठावरून सांडताना त्याचा थर पातळ होतो, वेग वाढतो आणि वायू तिथेच भराभर बाहेर पडतो. त्यामुळे चुनाही काठावरच अधिक बसतो. काठ उंचावतो, मागे पाणी तुंबते, ते पुन्हा त्याच काठावरून सांडते आणि काठ आणखी वाढतो. बांध घालणारे कोणी नसते, पाणी स्वतःच तो घालत जाते.

मुलीला गिझरच्या खपलीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकायला सांगा. फसफसून जे बुडबुडे येतील, ते याच वायूचे.

वाकडहून एक वाचक
बाईंनी सांगितले त्यात थोडी भर घालतो. सगळीकडे चुनाच असतो असे नाही. यलोस्टोनमधील अनेक कुंडांभोवती सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचा थर असतो. खोलवरच्या अतितप्त पाण्यात सिलिका बरीच विरघळते आणि वर येऊन पाणी निवले, आटले की ती साचते. केशरी रंग मात्र लोहाच्या गंजाचा असावा, असा माझा समज आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, औंध
काका, काही झऱ्यांवर लोहामुळे तांबूस आणि गंधकामुळे पिवळा रंग येतो, हे खरेच आहे. परंतु यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझमॅटिक कुंडाभोवतीचे पिवळे-केशरी पट्टे प्रामुख्याने जिवंत सूक्ष्मजीवांचे आहेत. प्रकाशसंश्लेषण साधारण ७३ अंश सेल्सिअसपर्यंतच चालते. मधले पाणी त्याहून तप्त असल्याने तिथे हे थर वाढत नाहीत आणि स्वच्छ खोल पाणी निळे दिसते. बाहेर, जिथे पाणी निवत जाते, तिथे प्रत्येक तापमानाला मानवणारे जीव आपापला पट्टा धरतात. उन्हाळ्यातल्या प्रखर प्रकाशात संरक्षणासाठी ते गाजरात असतात तशी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये जास्त बनवतात, म्हणून केशरी छटा गडद होते. हिवाळ्यात हिरवेपणा वाढतो. मॅमथला प्रवाहाने वाट बदलली की कोरडी पडलेली पायरी पांढरी-करडी होते, कारण तिथला रंग मुख्यतः या जीवांचाच असतो.

उन्हवऱ्याचा तो बुळबुळीत थरही बहुधा याच कुळातला असावा. यलोस्टोनच्या अशाच गरम पाण्यातून थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू वेगळा केला, आणि त्याचे विकर (एन्झाइम) पुढे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीचा आधार ठरले.

निवृत्त भूगोल शिक्षिका, सहकारनगर
मूळ प्रश्न राहिलाच. उन्हवऱ्याचा परिसर बेसाल्टचा, म्हणजे लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे, चुनखडकाचा नाही. कोकणातील या झऱ्यांच्या पाण्यात क्लोराइड जास्त आणि बायकार्बोनेट (चुना पाण्यात विरघळतो ते रूप) कमी असते, त्यामुळे पायऱ्या रचण्याइतका चुना वर येत नाही. भारतात खनिजांचे थर पाहायचे असतील, तर लडाखमधील पुगा खोऱ्यात झऱ्यांच्या आसपास टाकणखार आणि गंधक साचलेले आहेत.

कोथरूडहून एक पालक
मनःपूर्वक आभार. खपली काढून ठेवली आहे. रविवारी मुलगी स्वतः व्हिनेगर टाकून पाहणार आहे.