लिसा मर्कोव्स्की: पक्षातच हरल्या, तरी सिनेटर कशा? सेमिनारसाठी मदत हवी

रंकाळा_वारा

नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात एमए राज्यशास्त्राच्या सेमिनारला ‘अमेरिकेतली मध्यममार्गी महिला नेता’ असा विषय आलाय. मी अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या सदस्य) लिसा मर्कोव्स्की घेतल्यात. जन्म, शिक्षण, पदं सगळं जमवलंय, पण तीन ठिकाणी गाडी अडते.

२०१० मध्ये मतपत्रिकेवर छापील नावच नव्हतं, तर मतं पडली कशी आणि मोजली कशी? २०२२ ला पहिल्या फेरीत ५० टक्के नसताना विजय कसा? आणि पक्षाच्या विरोधात इतक्यांदा मत देऊन सदस्यत्व टिकतं कसं, की त्यांनी पक्ष सोडलाय?

वेळ १५ मिनिटं. सर जीवनपटावर नाही, नेमके यंत्रणेवरच प्रश्न विचारतात.

---

मतपेटी

२०१० चं सांगतो, कारण सेमिनारचा जीव तिथेच आहे.

२४ ऑगस्टला रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. आपल्याकडे तिकीट वरून येतं, तिथे पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात. जो मिलर नावाच्या वकिलाने त्यांना साधारण दोन हजार मतांनी हरवलं. मिलरच्या मागे अलास्काच्या माजी राज्यपाल सारा पेलिन आणि टी पार्टीवाले (रिपब्लिकनांतला कट्टर, करविरोधी गट) होते. शिवाय त्याच दिवशी अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताआधी पालकांना कळवावं का, यावरही मतदान होतं. त्यामुळे कट्टर मतदार नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडला. मर्कोव्स्की गाफील राहिल्या, प्रचाराचा पैसा शिल्लक ठेवून हरल्या.

अपक्ष म्हणून अर्ज भरायची मुदत तोवर संपली होती. लिबर्टेरियन या छोट्या तिसऱ्या पक्षाचं तिकीट मिळतंय का याची चाचपणी झाली, पक्षाने नकार दिला. उरला एकच रस्ता: राइट-इन. मतपत्रिकेत छापील नावांखाली एक रिकामी ओळ असते, तिथे मतदाराने नाव हाताने लिहायचं. १७ सप्टेंबरला त्यांनी ही घोषणा केली. मतदान २ नोव्हेंबरला, म्हणजे हातात दीड महिना.

आता मतदाराला करायचं काय होतं ते नीट बघा. ओळीशेजारचा लंबगोल काळा करायचा आणि ओळीवर नाव लिहायचं. दोन्ही कामं हवीत. नाव लिहिलं आणि लंबगोल कोरा राहिला, की यंत्राच्या लेखी त्या ओळीवर मतच पडलेलं नाही. दुसरी अडचण आडनावाची. एम, यू, आर, के, ओ, डब्ल्यू, एस, के, आय. पोलिश वळणाचं हे आडनाव बरोबर लिहिणं अलास्कातल्या माणसालाही सोपं नाही. म्हणून अख्खा प्रचार शुद्धलेखनाचा तास झाला: टीव्हीवर स्पेलिंगच्या जाहिराती, आणि मनगटात घालायच्या रबरी पट्ट्या, ज्यावर काळा केलेला लंबगोल आणि नाव. पट्टी बघायची आणि उतरवून काढायचं. आपल्याकडच्या अपक्षाला निदान शिट्टी नाहीतर कपबशी तरी मिळते, इथे चिन्हच नव्हतं.

विरोधकांची खेळी पण बघण्यासारखी. मतदान केंद्रावर राइट-इन उमेदवारांची यादी दाखवायची की नाही यावर कोर्टबाजी झाली आणि यादीला परवानगी मिळाली. मग एका रेडिओ कार्यक्रमातून श्रोत्यांना आवाहन झालं की तुम्हीही राइट-इन म्हणून नोंदणी करा. शंभराहून जास्त लोकांनी केलीही. हेतू एवढाच, की त्या भाऊगर्दीत मर्कोव्स्की हे नाव सापडू नये.

मतदानाच्या रात्री यंत्राने फक्त ‘राइट-इन इतके’ एवढीच बेरीज दिली. नावं वाचायला १० नोव्हेंबरपासून जुनो या राजधानीत हाताने मोजणी सुरू झाली. कर्मचारी मतपत्रिका उचलून नाव वाचणार, दोन्ही बाजूंचे निरीक्षक शेजारी उभे, आणि मिलरचा माणूस एकेका चुकीच्या अक्षरावर हरकत घेणार. कायद्यात लिहिलं होतं की उमेदवाराने अर्जात दिलेलं नाव किंवा आडनाव लिहिलेलं हवं, आणि या नियमाला अपवाद नाही. मिलरचा दावा यावरच उभा होता.

शेवटचे आकडे: मर्कोव्स्की १,०१,०९१, मिलर ९०,८३९, डेमोक्रॅट स्कॉट मॅकअॅडम्स सुमारे ६० हजार. मर्कोव्स्कींच्या मतांपैकी ८,१५९ मतांवर हरकत होती. ती सगळी बाद धरली तरी त्या दोन हजारांहून जास्त मतांनी पुढेच राहत होत्या. हा मुद्दा सोडू नका, कारण ‘कोर्टाने निवडून दिलं’ असं सर्रास लिहिलं जातं आणि ते खोटं आहे. २२ डिसेंबरला अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: मतदाराचा हेतू कळत असेल तर स्पेलिंग चुकलं म्हणून मत बाद होत नाही. ३० डिसेंबरला निकाल प्रमाणित झाला. राइट-इनवर सिनेट जिंकल्याचं त्याआधीचं उदाहरण १९५४ चं, साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थरमंड.

---

पदवीधर_मतदार

२०२२ साठी अलास्काला जायची गरज नाही, पुणे पदवीधर मतदारसंघ बघा. कोल्हापूर त्यातच येतं. विधान परिषदेला आपण पदवीधर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो, तीच पद्धत.

अलास्काने ती २०२० च्या सार्वमताने आणली, तीही जेमतेम ५०.५ टक्क्यांनी. दोन टप्पे आहेत. ऑगस्टमध्ये सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, मतदाराने एकच निवडायचा, पहिले चार पुढे जातात. नोव्हेंबरमध्ये त्या चौघांना क्रम द्यायचा. कुणाला निम्म्याहून जास्त पहिली पसंती नसेल तर तळाचा बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.

२०२२ ची पहिली बेरीज अशी: मर्कोव्स्की ४३.४ टक्के, रिपब्लिकनच असलेल्या केली शिबाका ४२.६, डेमोक्रॅट पॅट्रिशिया चेस्ब्रो १०.४, आणि बझ केली सुमारे ३. हे केली रिपब्लिकन होते आणि त्यांनी आधीच माघार घेऊन शिबाकांना पाठिंबा दिला होता, पण नाव मतपत्रिकेवर राहिलं. (केली दोन आहेत, एक बाईंचं नाव आणि एक बुवांचं आडनाव. बोलताना घोळ होईल, आडनावं वापरा.) शिबाकांना ट्रम्प यांचा पाठिंबा होता. केली आणि मग चेस्ब्रो बाद झाल्यावर चेस्ब्रोंची सुमारे २० हजार मतं मर्कोव्स्कींकडे आली. शेवट ५३.७ विरुद्ध ४६.३.

मतदान ८ नोव्हेंबरला आणि फेऱ्यांची मोजणी २३ नोव्हेंबरला, कारण परदेशातून टपालाने येणाऱ्या मतांसाठी १५ दिवस थांबतात.

फरकही सांगा, सरांना आवडेल. आपल्याकडे आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेननेच आकडा लिहावा लागतो, स्वतःचं पेन वापरलं किंवा आकड्याऐवजी बरोबरची खूण केली की मत बाद. तिथे चौकटीत लंबगोल भरायचे असतात. एकच क्रम दोघांना दिला तर तिथून पुढे ती मतपत्रिका निकामी. मधला एक क्रम सुटला तर चालतो, लागोपाठ दोन सुटले तर नाही. आणि पुढची पसंतीच लिहिली नसेल तर मत तिथेच संपतं. शेवटचे टक्के उरलेल्या मतपत्रिकांवर काढतात, एकूण मतदानावर नाही. इथे बरेच जण चुकतात.

---

रंकाळा_वारा

मतपेटी सर, पदवीधर सर, दोघांचे आभार. जांभळ्या पेनचं उदाहरण घेतेच. मग तिसरा प्रश्न: व्हिप मोडला तर?

---

बिंदूचौक_कट्टा

ताई, तिथं आपला व्हिप शोधू नका. आपल्याकडं १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं, पक्षादेश मोडला की आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदाच नाही. सिनेटमध्ये व्हिप नावाचं पद आहे, पण त्याचं काम मतं मोजायचं आणि मनधरणी करायचं. अपात्र ठरवणं त्याच्या हातात नाही.

आणि पक्ष त्यांनी सोडलेला नाही. २०१० ला पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा सिनेटमधल्या पक्षनेतृत्वातलं पद सोडलं, पण ऊर्जा समितीतलं ज्येष्ठ सदस्याचं स्थान सहकाऱ्यांनी काढून घेतलं नाही. पुढं २०१५ ते २०२१ त्याच समितीच्या अध्यक्षा झाल्या. आपल्याकडं बंडखोर सहा वर्षांसाठी निलंबित आणि निवडून आला की सन्मानानं परत, त्यातलाच प्रकार म्हणा. राज्यातला पक्ष करू शकतो ते म्हणजे निषेधाचा ठराव. मार्च २०२१ मध्ये अलास्काच्या रिपब्लिकन पक्षानं तो केला, कारण ट्रम्प यांच्या दुसऱ्या महाभियोगात ‘दोषी’ म्हणणाऱ्या सात रिपब्लिकनांत त्या होत्या. तेव्हा मतं ५७-४३ पडली, लागत होती ६७.

मतांची जंत्री करू नका, दोनच दाखवा आणि खोलात जा.

एक, ६ ऑक्टोबर २०१८, न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांची अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक. मर्कोव्स्की विरोधात होत्या, पण त्यांनी ‘हजर’ एवढंच नोंदवलं. कारण मोन्टानाचे रिपब्लिकन सिनेटर स्टीव्ह डेन्स मुलीच्या लग्नाला गेले होते आणि ते बाजूनं मत देणार होते. एक बाजूचा गैरहजर, एक विरोधातला गप्प, दोन्ही मतं एकमेकांत कटली. निकाल ५०-४८. याला तिथं जोडी लावणं म्हणतात. विरोध नोंदला गेला आणि सहकाऱ्याला लग्न सोडून धावत यावं लागलं नाही.

दोन, १ जुलै २०२५ चं कर आणि खर्चाचं मोठं विधेयक. मतं ५०-५०, उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मतानं पास. मर्कोव्स्कींनी बाजूनं मत दिलं. बदल्यात अलास्कासाठी सवलती पदरात पाडून घेतल्या, अगदी देवमासा पकडणाऱ्या नावेच्या कप्तानाची करवजावट १० हजारांवरून ५० हजार डॉलर करण्यापर्यंत. याच बाईंनी २०१७ ला ओबामांच्या आरोग्य कायद्याची मोडतोड रोखायला कॉलिन्स आणि मॅककेन या रिपब्लिकन सिनेटरांसोबत विरोधी मत दिलं होतं, तेव्हा ४९-५१ नं विधेयक पडलं. दोन्ही शेजारी ठेवा, म्हणजे मध्यममार्गीपणाचे हिशेब दिसतील.

---

मतपेटी

बिंदूचौकच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो. ‘मध्यममार्गी’ हा शब्द बरोबर निवडलात. ‘मवाळ’ लिहू नका, आपल्याकडे त्याबरोबर गोखले आणि जुना काँग्रेसचा वाद चालत येतो. पण मध्यममार्गी कशात, ते सांगावं लागेल. गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा, २०१३ मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंबा, २०२२ मध्ये केतनजी ब्राउन जॅक्सन यांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीला होकार, हे एका बाजूला. तेलाचा विषय निघाला की बाई अजिबात मधल्या नाहीत. अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्यात तेल काढायला परवानगी देणारं कलम २०१७ च्या करकायद्यात त्यांनीच घालून घेतलं. राज्याचा कारभार तेलाच्या पैशावर चालतो, तिथे डेमोक्रॅटसुद्धा सहसा वेगळं बोलत नाहीत.

---

पदवीधर_मतदार

एक राहिलं. सुरुवात घराणेशाहीची आहे, ती झाकू नका, सर काढतीलच. वडील फ्रँक मर्कोव्स्की १९८१ पासून सिनेटर. २००२ मध्ये राज्यपाल म्हणून निवडून आले, त्यांची सिनेटची जागा रिकामी झाली आणि ती भरायचा अधिकार राज्यपालाचा. डिसेंबरमध्ये त्यांनी मुलीला नेमलं. लिसा तेव्हा राज्य विधानसभेत १९९९ पासून होत्या, अगदीच नवख्या नव्हत्या, पण ओरड झाली ती झालीच. २००४ मध्ये मतदारांनी सार्वमताने राज्यपालाचा हा अधिकार काढून घेतला. आणि त्याच दिवशी लिसांना माजी राज्यपाल टोनी नोल्स यांच्याविरुद्ध सुमारे तीन टक्क्यांनी निवडूनही दिलं.

प्रमाण कळायला एक तुलना: २०१० च्या जनगणनेत अख्ख्या अलास्काची लोकसंख्या ७ लाख १० हजार, कोल्हापूर शहराची २०११ मध्ये साडेपाच लाख. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या पाचपटीहून जास्त. म्हणून तिथे दोन हजार मतं ही मोठी गोष्ट आहे.

---

रंकाळा_वारा

मिळालं सगळं. सुरुवात रबरी पट्टीच्या चित्राने करते, वर्गात कोऱ्या कागदावर प्रत्येकाला आडनाव इंग्रजीत लिहायला लावते आणि किती मतं बाद होतात ते मोजते.

---

बिंदूचौक_कट्टा

मोजताना दोन गठ्ठे करा ताई. एक मिलरच्या नियमानं, एक कोर्टाच्या.