‘मीडिया मोगल’: इंग्रजीत मान, मराठीत मोगलाई

परांडेकरीण
वर्तमानपत्रं आणि टीव्ही वाहिन्यांचं साम्राज्य उभारणाऱ्या रूपर्ट मर्डॉकवरच्या इंग्रजी लेखाचं भाषांतर करताना मी ‘माध्यमसम्राट’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘मीडिया मोगल’ केलं. म्हणाले, मूळ शब्द तोच आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही.

इंग्रज राजदूत टॉमस रो १६१५ साली जहांगीराच्या दरबारासाठी आला, त्या काळापासून इंग्रजांच्या कानात ‘ग्रेट मोगल’ म्हणजे हिरे, हत्ती आणि डोळे दिपवणारी दौलत. तेच पुढे कोणाही बड्या असामीला चिकटलं. (खुद्द ते घराणं स्वतःला तैमूरचं, गुरकानी म्हणवत असे, ही गोष्ट वेगळीच.)

माझी आजी बार्शीची, सासर परांड्याचं. बार्शी इंग्रजांकडे, परांडा निजामाकडे. मधे थोडेसेच कोस, पण १९४८ नंतरही कित्येक वर्षं ती म्हणायची, “मला मोगलाईत दिली.” आणि घरात कोणी मनमानी केली की, “मोगलाई लागून गेली का?” हा शब्द मराठी कानाला इतका जड आहे. तो मर्डॉकच्या कौतुकाला कसा वापरायचा?

शब्दवेडा
ताई, इंग्रजीतही तो निव्वळ कौतुकाचा नाही. तो रुळला हॉलिवूडमध्ये. एमजीएम स्टुडिओचा प्रमुख लुई मेयर रशियन साम्राज्यातून आलेल्या भंगारवाल्याचा मुलगा, पण त्याच्या स्टुडिओत त्याचा शब्द अखेरचा. नटनट्यांना सात-सात वर्षांच्या करारात बांधून ठेवत. काम नाकारलं तर निलंबन, आणि ते दिवस कराराच्या मुदतीत वाढवायचे. नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओविरुद्ध कोर्टात गेली, तेव्हा कुठे १९४४ च्या निकालाने ही वाढ थांबली. या मालकांना ‘मोगल’ म्हणण्यात दरारा आहे, जुलूमही आहे. तुमच्या आजीची मोगलाई यापासून लांब नाही! शब्द राहू द्या.

आणि ‘सम्राट’ तरी कुठे सोवळा आहे? साखरसम्राट, शिक्षणसम्राट हे कोण प्रेमाने म्हणतं?

परांडेकरीण
म्हणूनच तर तो हवा. ज्याचा गौरव करायचा तो शिक्षणमहर्षी, ज्याच्या देणग्यांचा हिशेब विचारायचा तो शिक्षणसम्राट. वाचकाला हा फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही. ‘मीडिया मोगल’ वाचून मात्र माझ्या भाचीने विचारलं, “मर्डॉक मुसलमान आहे का?” हॉलिवूडचा दरारा तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

टेम्सकाठचा
इथे लंडनमध्ये मला वेगळंच खटकतं. रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच ‘ऑलिगार्क’ (सत्तेच्या जवळिकीने गबर झालेला धनाढ्य), मर्डॉक ‘मोगल’. दोघांकडे अफाट पैसा, दोघांची सत्तेत ऊठबस. पण पहिला शब्द ऐकला की लोक विचारतात, पैसा आला कुठून? दुसरा ऐकला की विचारतात, आता काय विकत घेतोय? जानेवारी २०२५ मध्ये बायडन यांनी निरोपाच्या भाषणात अमेरिकेत ‘ऑलिगार्की’, म्हणजे मूठभर धनाढ्यांची सत्ता, आकार घेतेय असं म्हटलं, त्याची एवढी बातमी झाली ती यामुळेच. तो शब्द परक्यांसाठी राखून ठेवलेला होता.

शब्दवेडा
रशियात सरकारी कारखाने कवडीमोलाने वाटले गेले, म्हणून तो शब्द तिथे बसला. मर्डॉकने वर्तमानपत्रं बाजारात विकत घेतली. दोघांना एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

टेम्सकाठचा
घेतली बाजारात, कबूल. पण पंतप्रधानांच्या भेटीला तो मागच्या दाराने गेला, ते कोणत्या बाजारात बसतं?

परांडेकरीण
हेच मला मराठीत लिहायचंय, आणि ‘मोगल’ लिहून ते होत नाही. लेख उद्या छापायला जातोय. ‘माध्यमसम्राट’ परत घालून पाठवलाय, सोबत आजीचं वाक्यही लिहून दिलंय.