जपानी 'का' आणि आपला 'का': नातं आहे का?

पाटीकोरी:
जपानी शिकतेय, अजून पहिल्याच पायरीवर आहे, पण एका अक्षराने डोकं खाल्लंय. आपण विचारतो, "जाता का?" जपानी माणूस विचारतो, "इकिमास का?" अर्थ तोच. क्रियापद शेवटी, त्याच्याही मागे 'का', आणि जपानीत तर लिहिताना प्रश्नचिन्ह नाही दिलं तरी चालतं, कारण 'का' आला म्हणजे प्रश्न झालाच. इतकं जुळावं? हिंदीतलं 'क्या' वाक्याच्या तोंडाशी बसतं, म्हणजे शेजारणीपेक्षा जपानीच जवळची वाटायला लागली.

वर्गात असंही सांगितलं की जपानी अक्षरांचा 'अ, का, सा, ता, ना' हा क्रम संस्कृत वर्णमालेवरून, बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून आला. मग त्याच वाटेने 'का'ही तिकडे पोचला असेल? शिवाय प्राचीन इजिप्तमध्ये 'का' म्हणजे आत्मा असं कुठेतरी वाचलंय. हा 'का' आहे तरी किती ठिकाणी? जाणकारांनी सांगावं.

निरुक्त:
नाही पोचला. वर्णमालेचा क्रम गेला हे अगदी खरं. (जपानी 'ह'ची ओळ 'न' आणि 'म'च्या मध्ये का बसते? कारण तिचा उच्चार पूर्वी 'प' होता. आपली 'त, न, प, म' आठवा.) पण प्रश्नार्थक 'का' संस्कृतातून जायचा तर तो आधी संस्कृतात तसा असायला हवा ना. संस्कृतात 'का' म्हणजे 'कोण', तेही स्त्रीलिंगी. "का त्वम्?" म्हणजे "तू कोण गं?" हो-नाहीचा प्रश्न विचारायला तिथे 'किम्' किंवा 'अपि' येतं, बहुधा वाक्याच्या आरंभी. उलट जपानी 'का' ८व्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहातही प्रश्नासाठीच वापरलेला आहे. आणि भाषा एकमेकींकडून उसनी घेतात ती मुख्यतः नामं. प्रश्नाची अव्ययं असली व्याकरणाची आतली खिळेपट्टी सहजी कुणी उचलत नाही.

तेव्हा हा योगायोग. एवढ्या लहान शब्दात योगायोगाचं नवल वाटू नये. 'क' जवळजवळ सगळ्या भाषांत आहे, 'आ' तर आहेच. लांब, अर्थपूर्ण शब्दही कधी कधी असेच जुळतात: फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', दोन्ही 'वाईट', आणि नातं शून्य. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम भाषेत कुत्र्याला चक्क 'डॉग' म्हणत. तिथेही इंग्रजीचा संबंध नाही.

आता खरे भाऊबंद सांगतो, ते तुम्हाला बघूनही ओळखू येणार नाहीत. आपला प्रश्नाचा 'क' (कोण, काय, का, कुठे) ज्या मुळाचा, त्याच मुळाचे लिथुआनियन 'कस' (कोण, काय), रशियन 'काक' (कसं), लॅटिन 'क्विस' (कोण) आणि इंग्रजी 'हू', 'व्हॉट'. इंग्रजीत 'क' कुठे गेला? त्या घराण्यात जुन्या 'क'चा 'ह' झाला. लॅटिन 'कोर्नू', इंग्रजी 'हॉर्न'. लॅटिन 'केंतुम', इंग्रजी 'हंड्रेड'. असा बदल एकाच चालीने शब्दामागून शब्दात दिसला की मगच मी नातं मानतो. आणि बघा, लाट्वियन भाषेत चक्क 'का' आहे! "का तेव इएत?" म्हणजे "कसं चाललंय?" हा 'का' मात्र खरोखर आपल्यातला.

याउलट हिंदीतल्या 'राम का'मधला 'का' आपला नाही. तो 'कृ' धातूकडून आलेला मानतात, कृत, मग प्राकृतातलं केर, अशा वाटेने. भोजपुरीतलं "का हो?" मात्र आपल्याच घरचं.

काकदृष्टी:
निरुक्त गंभीर झालेत, मी आपली जत्रा मांडतो. मेघालयातल्या खासी भाषेत 'का' हे स्त्रीलिंगाचं चिन्ह, 'उ' पुल्लिंगाचं. तिथे सूर्य 'का स्न्गी' म्हणजे बाई, चंद्र 'उ ब्नाई' म्हणजे पुरुष. हवाईच्या भाषेत 'का' म्हणजे इंग्रजीतलं 'द'. एस्टोनियनमध्ये 'सुद्धा'. अल्बेनियनमध्ये 'त्याच्याकडे आहे', आणि बैलसुद्धा! स्वाहिलीत गोष्ट सांगताना क्रियापदात 'का' घुसतो: 'आकाएंदा', 'मग तो गेला'.

सगळ्यात फसवा फिलिपिन्सचा. तागालोगमध्ये "कुमुस्ता का?" म्हणजे "कशी आहेस?" वाक्याच्या शेवटी 'का', वाक्य प्रश्नार्थक, आणि तरी 'का'चा अर्थ 'तू'. प्रश्न सगळा 'कुमुस्ता'त आहे, आणि तो शब्द स्पॅनिश 'कोमो एस्ता'वरून आलाय.

पाटीकोरीताई, जपानीत डासालाही 'का'च म्हणतात. जपून विचारा.

सेतुबंध:
योगायोग म्हणून इतक्या लवकर मिटवू नका. सुसुमु ओनो या जपानी अभ्यासकाने तमिळ आणि जपानीचं नातं मांडलं होतं. मराठीवर द्राविडी छाप आहे हे सगळेच मानतात. मग दुवा जुळतो की!

निरुक्त:
सेतुबंध, ओनोंचं म्हणणं बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेलं नाही. ते क्षणभर बाजूला ठेवलं तरी या 'का'ला त्याचा उपयोग नाही, कारण तमिळमध्ये प्रश्नाचा प्रत्यय 'आ' आहे: "वरुवाया?", येशील का? 'क' कुठेच नाही.

मात्र तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मी घेतो. 'का'ची जागा! कानडीतही "बरुत्तीया?" (येतोस का?) असा प्रश्न शेवटच्या 'आ'ने होतो. शब्द आर्य घराण्याचा आणि बसलाय द्राविडी पाटावर, असं मला तरी दिसतं.

आता मूळ प्रश्नात कुणी न विचारलेली, पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जपानीत 'नानि' म्हणजे काय, 'नानिका' म्हणजे काहीतरी. 'दारे' म्हणजे कोण, 'दारेका' म्हणजे कोणीतरी. आणि दोन नामांच्या मध्ये 'का' आला की 'किंवा'. आपल्याकडे बघा: 'कोण का असेना', 'कसा का होईना'. ज्ञानेश्वरीत 'कां' हा 'किंवा' या अर्थाने उपमांमागून उपमा जोडत जातो. खुद्द 'किंवा' तरी काय, किम् आणि वा. प्रश्न, पर्याय, अनिश्चितता, तिन्हीकडे एकच अव्यय.

हाही योगायोग? इथे मी तसं म्हणणार नाही. मल्याळममध्ये हीच तिन्ही कामं 'ओ' करतो: "वन्नो?" आला का? 'आरो', कोणीतरी. 'अवनो इवनो', तो किंवा हा. आवाज अगदी वेगळा, वाट तीच. "आला का?" विचारताना आपण आला आणि नाही आला हे दोन्ही पर्याय उघडे ठेवतो, त्यामुळे प्रश्नाचा शब्द 'किंवा'कडे सरकणं स्वाभाविक आहे.

पाटीकोरी:
नानिकाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! पण इजिप्त राहिलं. आणि जुन्या पुस्तकांत 'कां'वर टिंब असतं, ते कशाचं?

काकदृष्टी:
टिंबाचं सोपं आहे. उच्चारात अनुस्वार उरला नव्हता, म्हणून १९६२च्या लेखननियमांनी तो काढला.

इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. चिन्ह आहे वर उचललेल्या दोन हातांचं, त्यात 'क' आणि घशातलं एक व्यंजन एवढंच कळतं. 'का' हे आपण सोयीसाठी म्हणतो. अर्थही नुसता 'आत्मा' नव्हे, जीवनशक्ती म्हणा, कारण आपल्या 'आत्म्या'च्या जवळ जाणारं 'बा' नावाचं वेगळं प्रकरण तिथे आहे. मेम्फिस या तिथल्या प्राचीन शहरातल्या मंदिराचं नाव 'हूत-का-प्ताह', प्ताह देवाच्या 'का'चं घर. त्याचं ग्रीकांनी 'आयगिप्तोस' केलं आणि तिथून इजिप्त. म्हणजे देशाच्या नावात 'का' दडलाय.

निरुक्त:
अवांतर: देवाचा विषय निघालाच आहे म्हणून. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातल्या १२१व्या सूक्तात "कस्मै देवाय हविषा विधेम" हे पालुपद आहे, कोणत्या देवाला हवी द्यावा? पुढे ब्राह्मणग्रंथांनी 'क' हेच प्रजापतीचं नाव ठरवलं. व्याकरणवाल्यांची अडचण अशी की 'क' हे नाम असेल तर चतुर्थी 'कस्मै' होत नाही, 'काय' होते. शुक्ल यजुर्वेदाने दोन्ही रूपं घेतली: "काय स्वाहा, कस्मै स्वाहा".