वाळवंटी किनाऱ्यावरचा तंबू कॅम्प: साठीनंतर झेपेल का?

मीरा_पार्ले
ह्यांना यंदा पासष्ट पूर्ण होतात. मुलगा म्हणतो, आफ्रिकेतल्या नामिबियाच्या स्केलेटन कोस्टला, म्हणजे तिथल्या वाळवंटी समुद्रकिनाऱ्याला जा. आलिशान तंबूचा कॅम्प, जुलैमध्ये. फोटो बघून जीव हरखतो, पण ह्यांचा उजवा गुडघा दुखरा, आम्ही दोघंही शाकाहारी, आणि आसपास गाव म्हणून नाही. रात्री काही झालं तर? शिवाय एवढा पैसा वाळू बघायला घालवायचा, हे मनाला पटत नाहीये. कुणी राहून आलंय का?

दर्यावर्दी_माझगाव
मीराताई, मी अठ्ठावीस वर्षं बोटीवर इंजिनियर होतो. केप टाउनहून वर अंगोलाकडे जाताना हा किनारा उजव्या हाताला असायचा, पण धुक्यात कधी दिसला नाही. रडारवर नुसती रेघ. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन ती रेघ बघायला गेलो.

समुद्रात पाय बुडवायला म्हणून जाऊ नका. आमचा कॅम्प होआनिब नदीच्या कोरड्या पात्राजवळ होता. किनाऱ्यावर नेलं जीपने, परत आणलं छोट्या विमानाने. ही नदी आत डोंगरात पाऊस झाला तरच वाहते, तरी पात्रात हत्ती आहेत. बाभळीच्या जातकुळीतलं एक झाड असतं, त्याच्या वळलेल्या शेंगा खाली पडतात. एक हत्तीण सोंडेच्या टोकाने एकेक शेंग उचलायची, वाळू झटकायची, मग तोंडात टाकायची. अर्धा तास आम्ही तेवढंच बघत बसलो.

आपला अरबी समुद्र कोमट, म्हणून आपल्याकडे पाऊस. तिथे दक्षिणेकडून बेंगेला नावाचा थंड प्रवाह येतो. पाण्यालगतची हवा गार पडते, वर चढत नाही, पावसाचे ढग होत नाहीत, आणि धुकं तेवढं जमिनीवर सरकतं. त्याच्यावरच सगळं जगतं. एक भुंगेरा पहाटे वाळूच्या कडेवर डोकं खाली, मागचे पाय वर करून उभा राहतो. धुक्याचा थेंब पाठीवरून ओघळत तोंडाशी येतो, तेच त्याचं पाणी.

आणि फुटलेल्या बोटी. १९४२ मध्ये डनेडिन स्टार इथे रुतली, १०६ माणसं. सगळी वाचली, पण मदतीला आलेली टग, म्हणजे ओढबोट, सर चार्ल्स एलियट फुटली आणि तिच्यावरचे दोघे गेले. किनाऱ्यावर एका गंजलेल्या सांगाड्याला मी हात लावला. गोदीत आयुष्यभर हाताळलेलं लोखंड, पण बोटाखाली पापुद्रा सुटत होता. तिथून मला लवकर हलवेना.

गुडघ्याचं म्हणाल तर जीपची पायरी उंच असते. छोटं स्टूल मागा, ठेवतात. पहाटे कडाक्याची थंडी, कानटोपी हवीच. रात्री जनावरं तंबूंच्या मधून फिरतात, म्हणून जेवणानंतर कॅम्पचा माणूस सोडायला येतो, एकट्याने चालायचं नाही. दुखणं वाढलं तर विमानानेच हलवतात, तेव्हा तो खर्च धरणारा विमा काढा. सामान मऊ बॅगेतच न्या, आम्हाला माणशी २० किलो सांगितलं होतं. आमच्या मुंबईतल्या एजंटने हे सांगितलंच नाही, आणि कडक सुटकेस राजधानी विंडहुकला ठेवून कपडे कापडी पिशवीत कोंबावे लागले. फार मनस्ताप झाला.

रसिका_ठाणे
काकू, तिकीट काढण्याआधी मार्ग बघा. इथिओपियातल्या अदिस अबाबावरून गेलात तर, तो देश पिवळ्या तापाच्या यादीत असल्यामुळे, परतताना मुंबई विमानतळावर त्या तापाच्या लशीचं कार्ड विचारू शकतात. ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. आणि साठीपुढे ही लस डॉक्टर विचार करूनच देतात. माझ्या सासऱ्यांना नको म्हणाले, म्हणून आम्ही दुबई, जोहान्सबर्ग, विंडहुक असे गेलो. जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. आमच्या आचाऱ्याने फोडणी कशी करतात ते सासूबाईंना विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मसूरची आमटी केली.

मीरा_पार्ले
दोघांचेही मनापासून आभार. ह्यांनी भुंगेऱ्याचं दोनदा वाचायला लावलं. उद्या डॉक्टरांना गुडघा आणि लस दोन्ही विचारते. दर्यावर्दीभाऊ, दोन रात्री पुरतील का? खर्च वाचेल.

दर्यावर्दी_माझगाव
नाही पुरणार. किनाऱ्यावर जाऊन यायलाच अख्खा दिवस लागतो. दोन रात्रींत नदी तरी सुटेल नाही तर समुद्र. तीन ठेवा, आणि किनाऱ्याची फेरी मधल्या दिवशीच मागून घ्या.