गुटी, पेज, मऊ भात: बाळाच्या खाण्याचे सल्ले कसे बदलले?

आजी म्हणते गुटी दे, डॉक्टर म्हणतात सहा महिने पाणीसुद्धा नको. माहीतगारांनी लिहावं. किस्से नकोत, माप, कृती आणि कुठे चुकतं ते हवं.

वाटीचमचा: पूर्वी पहिले दोन-तीन दिवस चीक, म्हणजे बाळंतिणीचं पहिलं घट्ट दूध, पिळून टाकत आणि मध चाटवत. आता जन्मल्यापासून तासाभरात बाळ अंगावर घ्यायचं. पहिल्या दिवशी चीक एका वेळी जेमतेम चमचाभर येतो, बाळाला तेवढाच लागतो. 'दूधच नाही' म्हणून वरचं पाजलं की बाळ कमी ओढतं, मग दूध खरंच आटतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा लंगोट ओले झाले तर पुरतंय. मध वर्षाच्या आत नकोच; त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते घरच्या उकळण्याने मरत नाहीत.

सहाण: गुटी म्हणजे सहाणेच्या दगडावर उगाळलेली औषधं, आणि तिचं माप म्हणजे वेढे, किती वेळा गोल उगाळायचं ते. वेखंडाचा एक, मुरडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धा, घराघरात वेगळं. पण सहाण खरखरीत असेल किंवा हात जड असेल तर त्याच एका वेढ्यात दुप्पट ऐवज उतरतो. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं आणि घरात 'कसं शांत झोपलं' म्हणून कौतुक होतं! नीट न धुतलेली सहाण जुलाबाला कारण, ते वेगळंच.

जुनी फाइल: फक्त अंगावरचं दूध किती दिवस, याचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २००१ पर्यंत चार ते सहा महिन्यांचा होता, मग पूर्ण सहा झाला. त्यामुळे १९९० च्या दशकात चौथ्या महिन्यात वरचं सुरू करणारी आई तेव्हाच्या सल्ल्यानेच चालली होती.

मऊभात: खरी गडबड पेज आणि वरणाच्या पाण्यात आहे. बाळाच्या पोटात किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाला २०० मिली. ते पाण्याने भरलं तर वजन कशाने वाढणार? तीन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, पाच-सहा पट पाणी, कुकरला चार शिट्ट्या. रवीने घोटा, मिक्सर नको. वर अर्धा चमचा तूप. चमचा तिरका केला की घास सावकाश घसरावा, ओघळू नये. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा.

नाचणी मात्र मोड आणून, वाळवून, भाजून दळा. मोडांमुळे पिष्ट फुटतं, लापशी चिकट होत नाही, म्हणून तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं. फडक्याने गाळून सत्त्व काढलं तर कोंड्याबरोबर लोहही जातं.

दाणेकूट: अ‍ॅलर्जी टाळायला शेंगदाणा तीन वर्षं लांब ठेवा, हा सल्ला २०१५ च्या लंडनमधल्या अभ्यासानंतर उलटला. सहा महिन्यांनंतर बारीक कूट लापशीत कालवून द्या. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. बाळाला आधीच तीव्र इसब असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

वाटीचमचा: आणि वर्षापर्यंत मीठ-साखर नाही. वरण घरच्यांचंच द्यायचं तर मीठ आणि फोडणी पडण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढा.